झोपलेल्या कासवाला उठवायचं कोणी?

महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाचीच उपमा दिली आहे: अवयव आत ओढून घेणारं, स्वतःत स्थिर असलेलं. त्या कासवाला आपण नमस्कार करतो. जिवंत कासवानं मात्र मान आत घेतली की आपल्याला राहवत नाही. पाठीवर टकटक करतो, ‘मेलं की काय?’ म्हणतो.

परळी वैजनाथसारख्या दुष्काळी मुलखात कासवाची लांब झोप थंडीतली नसते, उन्हाळ्यातली असते. तळं आटायला लागलं की मऊ पाठीचं कासव चिखलात शिरून निपचित पडतं. त्याला उठवतो तो पाऊस.

थंड देशांत पाळीव कासवांना हिवाळाभर फ्रिजमध्ये साधारण 5 अंशांवर झोपवतात. अधूनमधून वजन बघतात. वसंतात हळूहळू ऊब देऊन, कोमट पाण्यात बसवून उठवतात. तिथे उठवणं हे कर्तव्यच, कारण झोप लांबली तर साठवलेली चरबी संपून जीव जाऊ शकतो. म्हणजे ज्यानं ऋतू स्वतःच्या हातात घेतला, त्याच्यावर जाग आणण्याची जबाबदारीही आली.

पण उठवणं कुणासाठी चाललंय, हा प्रश्न उरतोच. 1780 च्या मार्चमध्ये गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं टिमथी नावाचं झोपलेलं कासव उकरून काढलं, मातीसकट पेटीत भरलं आणि घोडागाडीनं 80 मैलांवरच्या आपल्या गावी नेलं. गचक्यांनी ते पुरतं जागं झालं, बागेत दोनदा चाललं, आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरलं. मालक बदलला होता, ऋतू नव्हता.

मग संकटातल्या कासवालाही हात लावायचा नाही? लावायचा. मे महिन्यात तलावाचा गाळ काढताना जेसीबीच्या खोऱ्यात कासव आलं, तर त्याची झोप आपणच मोडलेली असते. त्याला सावलीत, ओलसर मातीत ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करणं हे आपलं काम. बादलीत घालून घरी नेणं नव्हे. मऊ पाठीचं असो की स्टार कासव, आपल्याकडची ही रानटी कासवं घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्वतःला विचारून बघा. त्याला जागं करायची घाई झाली असेल, तर ती गरज त्याची आहे की आपल्याला ते चालताना बघायचंय? उत्तर दुसरं असेल, तर पावसाला त्याचं काम करू द्यावं.