तुम्ही विचारलेत कुठे?

जुनी वस्तू विकत घेणे हा आपल्या कष्टकरी कुटुंबांच्या संसाराचा नित्याचा भाग आहे. शिलाईयंत्राचे चाक, पाण्याच्या पंपाची मोटार, स्कूटरचा कार्बोरेटर, होडीच्या इंजिनाचा एखादा सुटा भाग, यांपैकी काही ना काही आपण सर्वांनीच कधीतरी कोणाच्या तरी पडवीतून उचलून आणलेले असते. दुकानातून घेतलेल्या वस्तूबरोबर पावती येते, कधी हमीही येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूबरोबर मात्र केवळ शब्द येतो. तो शब्द खरा असावा ही जबाबदारी कोणाची? विकणाऱ्याची, असे उत्तर आपण चटकन देतो. आम्हीही तेच देत होतो. वरोरच्या एका फेरीने आम्हाला त्या उत्तराचा पुन्हा विचार करायला लावला.

वसईच्या किनाऱ्यावर राहणारे आमचे एक मच्छीमार मित्र आहेत. पावसाळी बंदीच्या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना त्यांनी इंजिन उघडले, तो हेड निकामी झालेले आढळले. इंजिन जुन्या बनावटीचे. नवे हेड मिळेना. डहाणू तालुक्यातील वरोर येथे एका वृद्ध तांडेलाच्या अंगणात तसेच इंजिन सुटे करून ठेवले आहे, अशी बातमी त्यांना लागली. तांडेलांनी समुद्र सोडला होता आणि मुलगा तारापूरच्या कारखान्यात नोकरीला लागला होता. आम्ही सोबतीला निघालो. वाणगावला गाडीतून उतरून चिंचणीमार्गे वरोरला पोहोचेपर्यंत मित्रांनी आम्हाला वाटाघाटीचे धोरण समजावून सांगितले. ते अगदी सोपे होते : गरज दाखवायची नाही, वस्तूला नावे ठेवायची, आणि निघून जाण्याचा आव आणायचा.

तसेच झाले. तांडेलांनी घोंगडी बाजूला करून हेड दाखवले. त्याला नुकताच रंगाचा हात दिलेला दिसत होता. मित्र म्हणाले, "काका, हे तर निव्वळ भंगार आहे. वजनावर द्यायचे असेल तर बोला." तांडेलांचा चेहरा मिटला. पाणी विचारायला बाहेर आलेली त्यांची सून आत निघून गेली. पुढची दहा मिनिटे ते एवढेच म्हणत राहिले, "बघून घ्या." अखेर वजनाच्या भावापेक्षा थोडी अधिक रक्कम मोजून आम्ही हेड उचलले. परतीच्या गाडीत मित्र आपल्या चातुर्यावर खूष होते. घेणारा वस्तूला वाईट वाईट म्हणतो आणि दूर गेल्यावर सौद्याची फुशारकी मारतो, असे एक मार्मिक निरीक्षण नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात आहे. ते आम्हाला तेव्हा आठवले नाही.

वर्कशॉपमध्ये रंग खरवडला, काजळी धुतली, पाण्याच्या दाबाखाली हेड तपासले. दोन व्हॉल्व्हांच्या मधोमध भेग होती आणि तिच्यावर वेल्डिंग केलेले होते. असे बिडाचे हेड किनाऱ्यावर तासभर चालेलही. पण भर समुद्रात तापले की भेग पुन्हा उघडते, पाणी आत शिरते आणि इंजिन बंद पडते. त्या होडीवर मित्रांची दोन मुले जातात.

संतापाने आम्ही दुसऱ्यांदा वरोर गाठले. तांडेलांनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "तुम्ही विचारलेत कुठे? तुम्ही भंगार म्हणालात. भंगाराची भेग कोण सांगत बसतो? वितळवायला नेताय असे मला वाटले."

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

घरी आल्यावर आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते. निव्वळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. मात्र जिथे बोलणे हे कर्तव्य ठरते, किंवा जिथे मौन हेच बोलण्यासारखे असते, तिथे ही सवलत नाही. खाली उदाहरणे आहेत, आणि त्यांतली बहुतेक एका घोड्याची आहेत. सदोष घोडा लिलावात विकणारा मालक काही बोलला नाही, तर ती फसवणूक होत नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर ते नातेच त्याला बोलायला बांधते. आणि घेणाऱ्याने जर म्हटले की, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन', तर त्यानंतरचे मौन हे शब्दांइतकेच बोलके ठरते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ तत्त्वही घेणाऱ्याने पारखून घ्यावे हेच आहे. गुणवत्तेची गृहीत हमी मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडे मागता येते, अंगणातला जुना भाग विकणाऱ्या तांडेलाकडे नव्हे.

कायद्याने येथे एक खोल गोष्ट सांगून ठेवली आहे. तोच घोडा, तोच मालक, तेच मौन. परंतु एका प्रश्नाने त्या मौनाचे नैतिक रूप पालटते. प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याला सत्याच्या वर्तुळात बोलावून घेणे होय. आम्ही तांडेलांना त्या वर्तुळात बोलावलेच नव्हते.

तर मग तांडेल निर्दोष होते काय? नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात नेमक्या याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. घोडा एकाक्ष असेल तर ते सर्वांना दिसतेच. किंमत त्या मानाने कमी केली की विकणाऱ्याने ते बोलून दाखवण्याची सक्ती नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान संभवत असेल, तर कोणी विचारो वा न विचारो, तो सांगितलाच पाहिजे. रंगाखालची भेग ही लपलेली भेग होती. कायदा जिथे थांबतो तिथून सद्सद्विवेक पुढे चालू लागतो, तो असा.

पण धोका ओळखायचा तर वस्तू कोठे जाणार आहे हे विकणाऱ्याला ठाऊक हवे. आम्ही आमची गरज लपवली, आणि गरजेबरोबर धोकाही लपवला. हे हेड समुद्रात जाणार आहे, एवढे एक वाक्य आम्ही बोललो असतो, तर त्या माणसाच्या विवेकाला जागे होण्याची संधी मिळाली असती. तांडेलांनी भेग झाकली ती रंगाने. आम्ही हेतू झाकला तो तुच्छतेने. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे बजावते, तेव्हा ती केवळ विकणाऱ्याला उद्देशून नसते. चांगल्या वस्तूला जाणूनबुजून भंगार म्हणणे हीही खोटी साक्षच आहे. अक्वायनस तर याहून पुढे जातात : विकणारा अजाणतेपणी तांबे समजून सोने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर तो सौदा अन्यायाचा आहे व भरपाई घेणाऱ्याने करावयाची आहे. मृत वडिलांची हत्यारे किंमत न कळता विकणारी मुले आपल्याला कधी भेटली, तर हा विचार आठवावा.

अर्थशास्त्रही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल सन्मानाशी त्याचा निकटचा संबंध आहे. चांगली गाडी आणि खराब गाडी यांतला फरक घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला संशयाचाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो खराब माल. म्हणजे सरसकट संशय प्रामाणिक माणसालाच आधी घालवतो.

आज जुन्या भागांची छायाचित्रे मोबाईलवर येतात, आणि सौदे माणूस न पाहताच ठरतात. तेथे तर शब्दावाचून दुसरा आधारच नाही. म्हणून काही साधे प्रश्न प्रत्येकाने विचारावेत, आदराने आणि स्पष्टपणे : हा भाग का काढला? कधी उघडला होता, कोणी दुरुस्त केला? तपासून सदोष निघाला तर परत घ्याल का? त्याआधी आपण आपले सांगावे : वस्तू कशासाठी हवी आहे आणि आपली ऐपत किती आहे. घ्यायची नसेल तर तसे कळवावे. माणसाला वाट पाहत ठेवू नये. ठरलेले एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. खोटे बोलणारा तरीही खोटे बोलेल, हे खरे. पण मग ते खोटे निखळ त्याचे असेल; त्यात आपला वाटा नसेल.

तांडेलांनी त्या दिवशी हेड परत घेतले आणि सारे पैसे मोजून दिले. "रंग द्यायला नको होता," एवढेच ते स्वतःशी पुटपुटले. मग त्यांनी शेजारच्या गावातल्या आणखी एका घराचा पत्ता सांगितला. तेथे मित्रांनी धोरण बाजूला ठेवले. "दादा, हे हेड समुद्रात जाणार आहे. माझी दोन मुले त्या होडीवर असतात," ते म्हणाले. विकणाऱ्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, हेड उलटे केले आणि झिजलेली एक व्हॉल्व्ह सीट बोटाने दाखवली. "ही बदलून घ्या, मग चालेल," तो म्हणाला.

त्याने मागितलेली किंमत मित्रांनी घासाघीस न करता दिली. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली.