‘नाही’ न म्हणता येणारं घर

सिनेमा सुरू होतो आणि पहिल्या काही मिनिटांतच एक आई आपल्या मुलीची पर्स हिसकावून घेते. मुलगी घरी उशिरा आली आहे. कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, शिकवणी तर कधीच संपली असेल, अशी उलटतपासणी चालू होते. पर्समधून एक नवा ड्रेस निघतो. पैशाची उधळपट्टी म्हणून आई चिडते, ओढाताण होते आणि मुलगी आईचे केस धरते. मग दोघी रडतात, एकमेकींची समजूत काढतात आणि रात्री शेजारी-शेजारी झोपतात.

ही मुलगी शाळकरी नाही. एरिका कोहूट चाळिशीच्या आसपासची आहे, व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत पियानो शिकवते. विद्यार्थी तिला टरकून असतात. घरी आली की मात्र तिला मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागतो.

हा मिखाएल हानेकेचा ‘द पियानो टीचर’. 2001 साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं, शिवाय एरिका झालेली इझाबेल ह्यूपेर आणि तिचा विद्यार्थी वॉल्टर झालेला बेन्वा माजिमेल या दोघांना अभिनयाची पारितोषिकंही. आईचं काम आनी जिरार्दोने केलंय. मूळ कादंबरी एल्फ्रीडे येलिनेकची, 1983ची. येलिनेकला पुढे 2004 साली नोबेल मिळालं. तिलाही आईने लहानपणापासून संगीताला जुंपलं होतं आणि तीही व्हिएन्नाच्याच कॉन्झर्व्हेटरीत ऑर्गन शिकली होती. (सिनेमात लैंगिक हिंसा आणि स्वतःला इजा करून घेण्याची दृश्यं आहेत. पाहायचा असेल तर ते माहीत असू द्या. आणि पुढे मी शेवटही सांगणार आहे.)

अशा नात्यासाठी हल्ली आपल्या तोंडी एक शब्द पटकन येतो: कोडिपेन्डन्सी. तो आला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून. दारू पिणारा एक आणि त्याला सांभाळण्यातच जिचं सगळं आयुष्य जातं अशी बायको किंवा आई, या जोडीचं वर्णन करायला अमेरिकेत तो वापरात आला. 1986 साली मेलडी बीटीच्या पुस्तकाने तो घराघरांत पोहोचवला. आता रील्समध्ये तो कुठल्याही चिकट नात्याला लावला जातो. शब्द सोयीचा आहे, पण त्यातून एक प्रश्न निसटतो. दोघींनाही हे नातं हवं असेल तर त्यात चूक काय? एरिका सज्ञान आहे. कमावते. वेगळं घर घेऊ शकते. तरी ती रोज त्याच घरी परत येते. मग बाहेरच्या कोणी नाक का खुपसावं?

याचं नेहमीचं उत्तर असतं की आईचं प्रेम ‘जास्त’ झालं. मला ते पटत नाही. प्रेमाला असं माप लावता येत नाही. खूप प्रेम करणाऱ्या, दिवसातून चार फोन करणाऱ्या मायलेकी आपण सगळ्यांनी पाहिलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी मजेत असतात. एरिकाच्या घरात वेगळं काहीतरी आहे. तिथे ‘नाही’ म्हणायची सोय नाही. ‘आज मी उशिरा येईन’ हे वाक्यही तिथे बंड ठरतं. आणि जिथे ‘नाही’ म्हणताच येत नाही, तिथल्या ‘हो’ची किंमत काय राहते? एरिका घरी येते, आईशेजारी झोपते, आईचं ऐकते, पण त्याला सेवा म्हणता येत नाही, कारण दुसरं काही करण्याची वाटच तिला दिसत नाही. आईचीही तीच गत आहे. नवरा वेड्यांच्या इस्पितळात, आयुष्यात उरलीय फक्त मुलगी आणि तिचं यश. ती मुलीसाठी जे करते ते देणं वाटत नाही, धरून ठेवणं वाटतं. ती खलनायिका आहे असं मात्र मला म्हणवत नाही. ती भयंकर घाबरलेली बाई आहे.

मराठीत ‘आईचे पांग फेडणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आपण तो कौतुकाने वापरतो. पण त्यात हिशेब आहे: आईने खस्ता खाल्ल्या, लेकराने फेड करायची. आणि हे कर्ज कधी फिटत नाही, असंही आपणच वर म्हणतो. न फिटणारं कर्ज ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुढे ‘नाही’ कसं म्हणणार?

या हिशेबाला दोन तत्त्वचिंतकांनी चांगला धक्का दिलाय. कांटने 1797च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात म्हटलंय की आईवडील मुलाला त्याची संमती न घेता या जगात आणतात, म्हणून त्याला इथे समाधानाने जगता येईल हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. म्हणजे पहिलं देणं लागतात ते आईवडील. जेन इंग्लिश या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईने 1979च्या एका छोट्या निबंधात त्याही पुढे जाऊन म्हटलं की मोठी झालेली मुलं आईवडिलांचं ‘कर्ज’ म्हणून काहीच देणं लागत नाहीत. शेजाऱ्याने आपलं काम केलं तर तो उपकार, आणि उपकाराची फेड असते. मैत्रीत फेड नसते. तिथे दोघं एकमेकांसाठी करतात ते नातं आहे म्हणून, समोरच्याला गरज आहे म्हणून आणि आपल्याला जमतंय म्हणून. आईवडिलांशी नातंही असंच असावं, हा तिचा मुद्दा.

पहिल्यांदा वाचताना हे कोरडं वाटतं. मग म्हातारी आई वाऱ्यावर सोडायची का? तर नाही. इंग्लिशबाई कर्तव्य पुसून टाकत नाही, त्याचं कारण बदलते. ‘तू मला वाढवलंस म्हणून’ याऐवजी ‘तू मला हवी आहेस म्हणून’. या दुसऱ्या कारणाने केलेली सेवा थकवणारी असू शकते, पण ती करताना माणूस स्वतः शिल्लक राहतो. एरिका शिल्लक राहिलेली नाही. बाथरूमचं दार लावून ती स्वतःला जखम करून घेते आणि बाहेरून आई जेवायला हाक मारते, त्या दृश्यात हे लख्ख दिसतं.

तरी हा त्या दोघींच्या घरचा मामला आहे, असं कोणी म्हणेलच. इथे सिनेमा आपल्याला अॅना शोबरकडे नेतो. अॅना एरिकाची विद्यार्थिनी. हुशार, सतत धास्तावलेली, आणि तिच्याही मागे महत्त्वाकांक्षी आई उभी आहेच. म्हणजे एरिकाच लहान होऊन पुन्हा समोर आलेली. तालमीच्या दिवशी अॅनाचा धीर सुटतो. वॉल्टर तिच्याशेजारी बसून तिला हसवतो, सावरतो. एरिका ते बघते, बाहेर जाते, एक ग्लास फोडते आणि काचा अॅनाच्या कोटाच्या खिशात टाकते. अॅनाचा उजवा हात कापतो. मैफलीत तिच्या जागी वाजवायला उरते एरिका.

माझ्या मते या निबंधाच्या प्रश्नाचं उत्तर त्या खिशात आहे. दोन माणसांनी एकमेकींना इतकं बांधून घेतलं की त्याची किंमत त्या दोघीच मोजत नाहीत. आईने एरिकाला शिकवलंय की तुझ्यापुढे कोणी जाता कामा नये. एरिका तो राग आईवर पूर्ण काढू शकत नाही, म्हणून तो बाहेर जाऊन सर्वांत दुबळ्या माणसावर निघतो. याने एरिकाचा गुन्हा कमी होत नाही. काच तिनेच टाकली. पण ‘आमचं आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या घरांची झळ कुठवर जाते ते यातून कळतं. ज्याला घरात ‘नाही’ म्हणता आलं नाही, तो ऑफिसात, वर्गात, लग्नात कोणाचं ‘नाही’ ऐकून घेईल?

वॉल्टरबरोबरही हेच होतं. एरिका त्याला एक लांबलचक पत्र लिहिते: माझ्याशी कसं वागायचं, काय हुकूम सोडायचे, सगळं कलमवार. तिला ठाऊक असलेलं प्रेम हुकमाच्याच भाषेत बोलतं. पुढे तो खरोखर घरात घुसतो, आईला दुसऱ्या खोलीत कोंडतो आणि एरिकावर अत्याचार करतो. ती नको म्हणते. तो थांबत नाही. हा अपराध सर्वस्वी त्याचा आहे, पत्रात काहीही लिहिलेलं असो. पण मला राहून राहून वाटतं, आयुष्यात इतक्या उशिरा, इतक्या स्पष्टपणे आलेलं तिचं ‘नको’ ऐकायला तिथे कोणीच नव्हतं.

मग करायचं काय? इन्स्टाग्रामचा सल्ला सोपा असतो: बाउंड्री घाला, टॉक्सिक माणसं कापून टाका. काही घरांत तोच एकमेव मार्ग असतो, हे खरं. पण बहुतेक घरं एरिकाच्या घराइतकी टोकाची नसतात आणि बहुतेक आयांना मुलीचं सुख हवंच असतं. तिथे आधी एक छोटी परीक्षा घेऊन बघावी. एखाद्या साध्या गोष्टीला नाही म्हणावं. या रविवारी येत नाहीये. हा ड्रेस मी घेणार आहे. आणि पुढे काय होतं ते पाहावं. आई रुसली, दोन दिवस बोलली नाही आणि मग तिसऱ्या दिवशी ‘जेवलीस का’ विचारायला फोन आला, तर ते नातं तुमचं ‘नाही’ पेलू शकतं. तिथे केलेली सेवा तुमची आहे. पण एका ‘नाही’ने सगळं घर कोसळणार असेल, तर इतके दिवस ते कशाच्या जोरावर उभं होतं, हा प्रश्न मायलेकींनी दोघींनी मिळून विचारायला हवा. एकट्या मुलीने तो सोडवायचा, हाही अन्यायच. आणि हीच परीक्षा मुलीनेही द्यायची असते. आई कधी म्हणाली की या महिन्यात तुझ्या मुलाला सांभाळायला मला जमणार नाही, तर आपण काय करतो?

सिनेमाच्या शेवटी आई आणि एरिका मैफलीला जातात. पर्समध्ये सुरी आहे. वॉल्टर आपल्या घरच्यांबरोबर हसत येतो, काही झालंच नाही अशा आवाजात तिला दोन शब्द बोलून आत जातो. लॉबी रिकामी होते. एरिका सुरी काढून स्वतःच्या खांद्याजवळ खुपसते आणि न वाजवताच रस्त्यावर निघून जाते. ती कुठे गेली हे हानेके सांगत नाही, कॅमेरा इमारतीवर थांबून राहतो. आई अजून आतच आहे, मुलगी मंचावर येईल म्हणून वाट बघत.