माळ कोणाची?

संगणकाचे शिक्षण घेणारी नाशिकची मुले सुरुवातीलाच एका ठिकाणी चकतात. पायथन भाषेत 'अ' नावाची यादी केली आणि 'ब' म्हणजे 'अ' असे लिहिले, तर दुसरी यादी तयार होत नाही. यादी एकच, नावे दोन. 'ब' मधले काही खोडले की 'अ' मधूनही ते गेले. वेगळी प्रत हवी तर ती मुद्दाम मागावी लागते. मग एकीतला बदल दुसरीला कळत नाही.

माउली, हा पेच आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढे हाताने नकला होत गेल्या. लेखकाची चूक त्या पोथीपुरती आणि तिच्यावरून उतरलेल्या पोथ्यांपुरती राहिली. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पण गावोगावच्या जुन्या पोथ्या त्याने आपोआप सुधारल्या नाहीत. नवा पाठ पुन्हा अक्षर अक्षर उतरवावा लागला. नक्कल दुसऱ्याच्या चुकीपासून वाचते, तशी दुरुस्तीलाही मुकते.

निवृत्तिनाथांच्या पालखीचे तसे नाही. त्र्यंबकेश्वराहून पादुका निघतात, नाशिकवरून पंढरीकडे जातात. दिंड्या कितीही असोत, बोट एकाच समाधीकडे. इथे नक्कल नाही, खूण आहे. गळ्यातली तुळशीची माळही अशीच खूण, आणि खरी अडचण तिथेच आहे. माळ घातलेला एखादा व्यवहारात खोटे बोलला, की बाजारात त्याचे नाव कोणी घेत नाही. 'माळकरी असलेच' म्हणतात.

केले एकाने, सोसायचे सगळ्यांनी, हा अन्याय नव्हे काय? मला तो पुरता अन्याय वाटत नाही. वारीच्या वाटेवर अनोळखी घरची माणसे आपल्याला ओसरी देतात, भाकरी वाढतात, तेव्हा तीही आपले नाव विचारत नाहीत. माळ पाहून देतात. ती पत आपण कमावलेली नसते, आधी चालून गेलेल्यांची असते. भाकरी सामाईक घेतली, मग डाग तेवढा त्याचा एकट्याचा कसा? पाप अर्थात ज्याचे त्याला. पण पतीचा हिशेब वेगळा.

त्याला दिंडीतून काढले की झाले, असे काही जण म्हणतात. आपल्या यादीतून नाव जाईल. दुकानदाराच्या मनात जे बदलले ते तसेच राहील. त्याचे पैसे चुकते करायला कोणीतरी गेले पाहिजे. तो स्वतः जात नसेल, तर दिंडीतल्या दुसऱ्या कोणी माळ घालूनच जावे.