सौम्य ताण आणि पेशीची सिद्धता

प्राणवायूवर जगणाऱ्या पेशीत ऊर्जा निर्माण होत असताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी अतिक्रियाशील संयुगेही तयार होतात आणि त्यांचे प्रमाण पेशीच्या निवारणशक्तीबाहेर गेले की जी अवस्था येते, तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. हा ताण तीव्र असेल तर पेशी मरते. सौम्य असेल तर मात्र ती अधिक सक्षम होते आणि यामागची यंत्रणा विलक्षण सुंदर आहे. एनआरएफ-२ हे संरक्षक जनुके जागी करणारे प्रथिन पेशीत सतत घडत असते, पण कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून नाशाकडे पाठवते, त्यामुळे एरवी त्याचे अर्धे प्रमाण सुमारे २० मिनिटांतच संपते. पेरॉक्साइड थोडे वाढताच कीप-१मधील सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांत रासायनिक बदल होतो, नाशाची ही वाट बंद होते आणि नव्याने घडलेले एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य बनवणाऱ्या जनुकांना चालना देते.

ई. कोलाय जिवाणूंना आधी पेरॉक्साइडची अल्प मात्रा दिल्यास पुढची मोठी मात्रा ते सोसतात, हे १९८३ मध्येच दिसून आले होते. माणसाच्या बाबतीत २००९ मधील एक जर्मन अभ्यास विचार करायला लावतो: असाच सौम्य ताण देणाऱ्या चार आठवड्यांच्या व्यायामाने शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, परंतु ज्यांनी सोबत हा ताण शमवणाऱ्या क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेतल्या, त्यांच्यात ही सुधारणा आढळली नाही. नंतरच्या सर्वच प्रयोगांनी याला दुजोरा दिलेला नाही.