होडीतला दिवा

कार्तिकी एकादशी झाली, की चौथ्या-पाचव्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्री गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापुरास वाळवंटी नदीत दिव्यांनी सजविलेल्या छोट्या होड्या सोडतात. काठाशी विठोबाचे देऊळ. शंकराने त्रिपुरासुर मारला, त्याचा हा उत्सव. पण हरिहरांत भेद कसला!

या होड्यांची स्पर्धा लागते, बक्षीसही असते. मग शंका येते : ही आरास देवासाठी, की बक्षिसासाठी? आम्हांस वाटते, बक्षिसाने सेवा बाटत नाही. हातांनी मन लावून काम केले, ते देवाला पोचलेच. खरी कसोटी पुढे आहे. शेजाऱ्याची होडी आपल्याहून सरस उजळली, तर आपले हात टाळी वाजवतात, की तोंड कडू होते?

दिंडीत आमचेही असेच होते. दुसऱ्याचा अभंग रंगला, की आम्ही आतून खट्टू होतो. तिथे आमचाच दिवा विझतो बरे! नदीला मात्र कुणाचा दिवा कोणता, हे ठाऊक नसते. ती सगळ्यांचा उजेड सारखाच अंगावर घेते. तसे मन विठोबाने आम्हांस द्यावे, एवढेच मागणे.

रामकृष्णहरि!