गर्दीतला एक

खेळ पाहावयास जाणारा मनुष्य घरून निघताना तिकीट आठवणीने घेतो. आपण संध्याकाळी परत येणार, हे मात्र तो गृहीत धरतो. त्याचा हा विश्वास सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्हांस येथे मांडावयाचा आहे.

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड शहरी हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना पाहताना कठड्यांआड माणसे चेंगरली. चाळीसहून अधिक रुग्णवाहिका मैदानापर्यंत आल्या. आत जखमींजवळ पोहोचल्या त्या अगदी मोजक्या. प्रेक्षकांनीच जाहिरातींच्या फळ्या उखडून त्यांवरून माणसे वाहिली. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. त्यांपैकी ४१ जण कदाचित वाचू शकले असते, असे २०१२ साली स्वतंत्र चौकशी मंडळाने दाखवून दिले. २०१६ साली ज्यूरीने पोलिसांबरोबरच रुग्णवाहिका सेवेच्या चुकांवरही बोट ठेवले.

त्या दिवशी करुणा कमी पडली काय? नाही. फळ्या उखडणारे हात करुणेचेच होते. कमी पडली ती पूर्वतयारी. न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० च्या अंतिम अहवालात शिफारस केली : दर १००० प्रेक्षकांमागे एक प्रशिक्षित प्रथमोपचारक, २००० हून अधिक गर्दी अपेक्षित असल्यास डॉक्टर, ५००० वा अधिक असल्यास सुसज्ज रुग्णवाहिका.

यावर कोणी म्हणेल, बहुतेक सामन्यांत हा डॉक्टर रिकामाच बसेल. मग हा खर्च कशासाठी? शिवाय प्रेक्षक स्वेच्छेनेच आलेला असतो. आमचे उत्तर असे : प्रेक्षकाने खेळ निवडला हे खरे, पण दरवाजाची रुंदी, कठड्याची उंची, बाहेर पडण्याची वाट त्याने निवडलेली नसते. ज्याने ती निवडली, त्याच्याकडे कर्तव्यही आले. आणि हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणारे कोणी नसेल, तर दर मिनिटास त्याच्या जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. शहरातील रुग्णालय कितीही उत्तम असो, तेवढा वेळ त्याच्यापाशी नसतो.

पडलेल्याचा चेहरा पाहून मन द्रवते. ते स्वाभाविक आहे. जो अजून पडलेला नाही, ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी आधीच जागा राखून ठेवणे अवघड. तेथे आभार मानावयास कोणी नसते. नेमके म्हणूनच ते अधिक निःस्वार्थ आहे, असे आम्हांस वाटते. रिकामा बसलेला डॉक्टर हा वाया गेलेला खर्च नव्हे. ते पाळलेले वचन आहे.

४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण दगावले. तेव्हा हा प्रश्न दूरच्या देशाचा राहिलेला नाही. आपल्या गावीही सामने भरतात, मंडप उभे राहतात. बक्षिसांची यादी करावयास बसू, तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारू या : रुग्णवाहिका कोणत्या वाटेने आत येईल, आणि त्या फाटकाची किल्ली कोणापाशी असेल?