मास्तरीन व्हवाले कितला पैसा लागतस?

गेल्या महिन्यात एरंडोलकडच्या आमच्या गावातून मावशीच्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती बारावी आर्ट्सला आहे. घरची दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. प्रश्न एका वाक्याचा होता : “भाऊ, मास्तरीन व्हवाले कितला पैसा लागतस?”

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. माहिती तर मला पाठ आहे. मी २०११ साली डी.एड. झालो आणि सरकारी शाळेत कधी लागलो नाही. आज धुळ्यात एका क्लासमध्ये शिकवतो. अशा माणसानं सतरा वर्षांच्या मुलीला काय सांगावं, हेच ठरत नव्हतं.

फीचा हिशोब सोपा आहे. बारावीनंतर सगळ्यात स्वस्त रस्ता डी.एल.एड.चा, म्हणजे पूर्वीचं डी.एड. दोन वर्षं. सरकारी विद्यालयात नंबर लागला तर फी खासगीच्या मानानं फारच कमी. दुसरा रस्ता पदवी आणि मग बी.एड., म्हणजे पाच वर्षं. तिसरा नवा, बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता तीच व्हायची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही असं सांगितलं, त्यामुळे लहान मुलांना शिकवायचं असेल तर आज डी.एल.एड.लाच अर्थ आहे.

पण ही झाली फी. किंमत वेगळी असते आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

आमच्या बॅचला वाटलं होतं, दोन वर्षं काढली की नोकरी. २०१२ मध्ये भरती थांबली. २०१३ मध्ये टीईटी आली. पुढे अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं, आणि त्यावरून पहिली मोठी यादी लागली ती २०१९ मध्ये. या सात वर्षांचा खर्च आमच्या घरानं केला. वडील म्हणायचे, “यंदा नक्की निघेल.” मी कापूस वेचायला जायचो तर गावातले “मास्तर” म्हणून हाक मारायचे. सुरुवातीला ती कौतुकाची होती. मधे एका खासगी संस्थेत जागा होती, तिथे किती देता येतील असं सरळ विचारण्यात आलं. आमच्याकडे विकण्याइतकं शेत नव्हतं.

नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये मानधन होतं. २०२३ पासून ते १६,००० झालं. म्हणजे फी कमी असलेला रस्ता वर्षांच्या हिशोबात महाग असू शकतो. श्रीमंताच्या मुलाला वाट बघणं परवडतं. गरिबाचं प्रत्येक वर्ष बुडालेल्या मजुरीचं असतं.

मग तिला सरळ “नको” म्हणावं का? हा मोह मला झाला. माझं नुकसान तिच्या वाट्याला येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण विचार केल्यावर त्यात एक चोरी दिसली. माझ्या आयुष्याचा निकाल मी तिच्या आयुष्यावर लावत होतो. आणि तिच्यासारख्या सगळ्यांना आम्ही “नको” म्हणत गेलो, तर वर्गात उरणार कोण? पहिलीतलं पोर “माले समजनं नही” म्हणतं, तेव्हा ते उद्धट नाही, अहिराणीत बोलतंय, हे कळायला शिक्षक त्याच मातीतला असला तर बरं. चोपडा-यावलच्या सातपुड्यात पावरा बोलणाऱ्या मुलांची गोष्ट तर आणखी अवघड. शिक्षक व्हायचा रस्ता लांब आणि महाग होतो, तेव्हा नुकसान फक्त उमेदवाराचं होत नाही. पुढच्या पोरांचंही होतं.

दुसरा मोह याच्या उलटा. आमच्याकडे शिक्षक म्हटलं की अमळनेर, आणि अमळनेर म्हटलं की साने गुरुजी. १९२४ ते १९३० ते प्रताप हायस्कूलमध्ये होते, वसतिगृहातल्या मुलांना त्यांनी आईसारखं सांभाळलं. हे सांगून “त्याग कर, बाई” म्हणणं फार सोपं असतं. पण गुरुजींनी १९३० मध्ये सोडली ती हातात असलेली नोकरी, आणि स्वतःच्या निर्णयानं. जिला नोकरी मिळालेलीच नाही तिच्या वाट बघण्याला त्याग म्हणणं ही फसवणूक आहे. त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो, दुसऱ्याकडून मागायचा नसतो.

“नको” म्हणणारा आणि “जा, पवित्र काम आहे” म्हणणारा, दोघंही एकच करतात : अर्धा हिशोब लपवतात. सल्ला देणाऱ्याचं काम पूर्ण हिशोब समोर ठेवण्याचं. निर्णय तिचा.

तिसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. थांबलेली वर्षंही सांगितली, जी मी घरातसुद्धा कधी मोजून बोललो नव्हतो. मग माझ्या बुद्धीप्रमाणे रस्ता सांगितला : सरकारी विद्यालयासाठीच आधी प्रयत्न कर. डी.एल.एड. झाल्यावर मुक्त विद्यापीठातून पदवी कर, कारण पदवी, डी.एल.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर असला की सहावी ते आठवीचं दारही उघडतं, आणि शिक्षणाबाहेरच्या परीक्षाही देता येतात. किती भरत्यांपर्यंत थांबायचं, तो आकडा आजच वहीत लिहून ठेव. मी लिहिला नव्हता.

ती गप्प होती. मला वाटलं, मी तिचं मन मोडलं. मग म्हणाली, फीचं तर जमेल, आईनं बचत गटात विचारून ठेवलंय.

“पन भाऊ, थांबाना खर्च कोन देस?”

याचं उत्तर मला देता आलं नाही. आणि खरं तर हा प्रश्न तिनं मला विचारायचा नव्हताच. ज्यांना तिच्यासारखी शिक्षिका वर्गात हवी आहे, त्या सगळ्यांना तो विचारलेला आहे.